मास्तरांचं माप

अध्यक्ष दादासाहेब, मंडळाचे चिटणीस, समोर बसलेले शिक्षकबंधू, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या असोद्याच्या आयाबायांनो,

आधी एक गाऱ्हाणं मांडतो. शोकसभेत गाऱ्हाणं मांडू नये म्हणतात, पण माझा इलाज नाही. व्यासपीठावरच्या कडेच्या खुर्चीत एक खिळा आहे. तो वर आलेला आहे. या सभागृहात कोणीही वारलं की मला बोलायला बोलावतात आणि मला त्याच खुर्चीत बसवतात. दर माणसामागं माझं एक धोतर गेलेलं आहे. गावातली मोठी माणसं अशीच जात राहिली तर मला पंच्यावर यावं लागेल. आताही चिटणिसांनी माझं नाव पुकारलं, मी गंभीर चेहरा करून उठलो, आणि मागून टर्र असा आवाज आला. पहिल्या रांगेतल्या काहींनी तो ऐकला. त्यांनी माना खाली घातल्या, त्या दुःखानं घातल्या असं मला वाटत नाही.

मागं एकदा मी चिटणिसांना म्हणालो, "अहो, तेवढा खिळा ठोकून घ्या." ते म्हणाले, "आप्पा, बैठकीपुढं आणू." मंडळींनो, बाहेर दारावर पाटी आहे. अवजार सुधारणा मंडळ. अख्ख्या खानदेशातली अवजारं सुधारायचा विडा उचललेल्या मंडळाला स्वतःच्या खुर्चीतला खिळा ठोकायला हातोडी मिळत नाही. मिळाली तरी ती कोणी उचलावी याचा ठराव व्हायचा आहे.

हे मी का सांगतो? ज्यांच्यासाठी आपण जमलो ते इंगळे मास्तर त्या खुर्चीत बसले असते, तर त्यांनी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे म्हणून. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली असती. आधी खिळ्याचं चित्र काढलं असतं. मग बसणाऱ्याचं. आणि मग दोघांचं भांडण नेमकं कुठं आहे ते एका रेघेत दाखवलं असतं. पण मास्तरांना या मंडळानं व्यासपीठावर कधी बसवलंच नाही. आज पहिल्यांदा आणलं. फोटोत.

आणि तो फोटोही दिसत नाही. मागच्या आयाबायांना दिसतो का? नाही दिसत. कारण फोटोच्या पुढं हे ठेवलेलं आहे. हे काय आहे म्हणून मघाशी एका पाहुण्यांनी मला कानात विचारलं. त्यांना वाटलं बोटीचं वल्हं असावं. पाहुणे कोकणातले आहेत, त्यांचा दोष नाही. मंडळी, हे खुरपं आहे. माझ्या खांद्याएवढं उंच. त्याला झेंडूचा हार घातलेला आहे, हळदकुंकू लावलेलं आहे, आणि त्याच्या पायाशी, ते बघा, तिथं, एक छोटं खुरपं ठेवलेलं आहे. देवीपुढं नवसाचं पोर ठेवावं तसं.

मला बोलायला चिटणिसांनी चिठ्ठी दिली आहे. तिच्यावर लिहिलंय, "थोडक्यात. भावपूर्ण." थोडक्यात बोलतो. भावपूर्णही बोलतो. कुठला भाव ते मात्र चिठ्ठीत लिहिलेलं नाही. बोलणं अवघड जातंय, हे खरं. माझा गळा भरून आला आहे, तोही खरा. पण ज्यानं भरलाय तो राग आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नंतर कोणी म्हणायला नको की आप्पांनी फसवलं.

या दोन खुरप्यांची गोष्ट तुम्हांतल्या पुष्कळांना अर्धी ठाऊक आहे. अर्धीच ठाऊक असणं हाच मास्तरांवरचा अन्याय आहे. म्हणून पुरी सांगतो.

मास्तर आपल्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. ड्रॉइंगचा तास म्हणजे काय, ते शिक्षकबंधूंना सांगायला नको. गणिताचा भाग उरला, घ्या ड्रॉइंगचा तास. इतिहासाचा उरला, घ्या ड्रॉइंगचा तास. मास्तर तक्रार करत नसत. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून, गणित शिकवणाऱ्याचे हात काढत बसायचे. त्यांना चेहऱ्यांचं वेड नव्हतं. हातांचं होतं. मी एकदा म्हणालो, "मास्तर, माझं एक चित्र काढा की. माझ्या साप्ताहिकात छापू." त्यांनी काढलं. तंबाखूत चुना मळणारा माझा अंगठा. मी म्हणालो, "हे काय?" ते म्हणाले, "आप्पा, तुमच्यात एवढंच काय ते काम करतं."

असो. तर मास्तरांची थोरली बहीण असोद्याला असते. सोनाअक्का. मागं बसल्या आहेत. अक्का, खाली बघू नका, तुमचं कौतुक करून तुम्हाला लाजवणार नाही. तुम्ही कशा आहात ते गावाला माहीत आहे. अक्कांची स्वतःची थोडी केळी आणि कपाशी आहे. श्रावणभाद्रपदात तण माजतं आणि निंदणी सुरू होते. उकिडवं बसायचं, एक ओळ धरायची, आणि सूर्य डोक्यावरून पलीकडं जाईपर्यंत सरकत राहायचं. हातात खुरपं. अक्कांचं मनगट सुजायचं. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडायचा, तो फुटायचा, त्यावर चिंधी बांधायची आणि पुन्हा खुरपं. हे त्या एकट्यांचं नाही. मागं बसलेल्या कोणत्याही बाईचा उजवा तळवा बघा. पण तो बघितला कोणी? शेती सुधारावी म्हणून एवढी भाषणं झाली, नवं स्वराज्य आलं, योजना आल्या, पंप आले. खुरप्याकडं कोणी बघितलं? बायकांच्या हातात असतं ना ते. बायकांच्या हातातलं अवजार सुधारत नसतं, बायकांनीच सुधारायचं असतं.

मास्तरांनी बघितलं. सुटीत असोद्याला गेले आणि बांधावर कागद घेऊन बसले. कागद म्हणजे पोरांच्या परीक्षेचे जुने ताव, पाठकोरे. अक्का ओळीनं सरकतायत, मास्तर बांधावरून सरकतायत. अक्कांनी मान वर न करता विचारलं, "काय रे येसू, मी राबते अन् तू मले पाह्यत बसतो? लोकं काय म्हनतीन?"

मास्तर म्हणाले, "म्हणतील भाऊ कामाला लागला."

"हे काम व्हय? मंग ये इकडं, ही ओळ धर."

त्यांनी धरली. दुपारपर्यंत धरली. संध्याकाळी पेन्सिल धरवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या खुरप्याचं चित्र काढणं सोडलं. मला त्यांनी हे नंतर सांगितलं, ते तुम्ही नीट ऐका, कारण ड्रॉइंग म्हणजे फुलदाणी असं समजणाऱ्यांसाठी ते आहे. ते म्हणाले, "आप्पा, मी खुरपं बघून खुरपं काढत होतो. म्हणून तेच जुनं खुरपं येत होतं. मग मी अक्काला सांगितलं, खुरपं खाली ठेव, पण मूठ उघडू नको."

अक्का मूठ अर्धी मिटून बसल्या. "आता? भिकारीन दिसते का मी तुले?" म्हणाल्या. आणि मास्तरांनी त्या मुठीतली पोकळी काढली. हातातून खुरपं काढून घेतल्यावर हातात जी जागा उरते, तिचं चित्र. वरून, बाजूनं, बोटांच्या फटीतून. ती जागा गोल नव्हती हो. आपण आजवर सगळ्या बायकांना गोल दांडा दिला आणि ती जागा मुळात गोलच नाही. तळव्याशी फुगीर, करंगळीकडं निमुळती, अंगठ्याला टेकायला एक उतार. मास्तरांनी ती पोकळी कागदावर भरली आणि म्हणाले, हा दांडा. मग मनगट सरळ राहील अशी पात्याची मान वाकवली. मग पात्याच्या पाठीला एक चोच काढली, हराळीची मुळी उपटायला, म्हणजे डावा हात रक्ताळायला नको. एकावर एक चित्रं. खोडायची, परत काढायची. असोद्याच्या लोहारानं त्यावरून पहिलं खुरपं घडवलं तेव्हा अक्कांनी ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, "हे खुरपं हाये का पयी? याच्यानं गवत काढू का वरन वाढू?" मास्तरांनी पळीसारखं दिसणारं ते पातं पुन्हा काढलं. लोहारानं पुन्हा तापवलं. असं किती वेळा झालं ते त्या तिघांना माहीत. शेवटी एकदा अक्का एक अख्खी ओळ काही न बोलता काढून गेल्या. मास्तर म्हणाले, "आप्पा, अक्का गप्प बसली तेव्हा मला कळलं की झालं."

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, तिच्यावर पुढचं सगळं आहे. आपल्याकडचा लोहार चित्रावरचे आकडे वाचत नाही. तो तापलेलं लोखंड ठोकतो, निववतो, आणि कागदावर ठेवून बघतो. रेघेला रेघ जुळली की झालं. म्हणून मास्तर कागदावर आकडा कधी लिहीत नसत. वस्तू जेवढी, चित्र तेवढं. इंचाचा फरक नाही, केसाचा नाही. ही मास्तरांची रीत, ही लोहाराची रीत, आणि त्या दोघांत कधी चूक झाली नाही.

चूक व्हायला तिथं मंडळ यावं लागलं.

धुळ्याला शेतकी प्रदर्शन भरायचं होतं. मुंबईहून नामदार यायचे होते. मंडळाकडं दाखवायला काय होतं? पाटी होती. शिक्का होता. अवजार नव्हतं. कोणीतरी दादासाहेबांच्या कानावर घातलं की असोद्याला एका ड्रॉइंगमास्तरानं खुरपं सुधारलंय. दादासाहेब, तुम्ही मोटार घेऊन गेलात असोद्याला. चांगलं केलंत. अक्कांच्या हातचा चहा घेतलात. आणि म्हणालात, चित्र द्या आणि हे खुरपं द्या, नमुना म्हणून, प्रदर्शन संपलं की परत.

अक्का देत नव्हत्या. भर निंदणी होती. म्हणाल्या, "मंग मी काय नखानं गवत काढू?" मास्तरांनी समजूत घातली. म्हणाले, "अक्का, दे. शुक्रवारी मी स्वतः परत आणून देतो. हे एक दिलं तर उद्या सगळ्या बायांच्या हातात येईल." अक्कांनी पदरानं पुसलं आणि दिलं. तो शुक्रवार अजून यायचा आहे.

पुढचं मी स्वतः बघितलेलं आहे. माझ्या साप्ताहिकासाठी मी धुळ्याला गेलो होतो. तिथं मांडवात विचार निघाला की हे खुरपं फार लहान आहे. नामदार व्यासपीठावर बसणार, त्यांना तिथून दिसायला नको? बरोबर आहे. खुरपं बाईच्या हाताच्या मापाचं असून काय उपयोग, ते नामदारांच्या नजरेच्या मापाचं हवं. म्हणून सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला मास्तरांचं चित्र दिलं आणि सांगितलं, मोठं कर. त्यानं चौकटी आखून मोठं केलं. हुबेहूब. माणूस कामाला सच्चा, त्याला नावं ठेवायला जागा नाही. झाला सुरेख बोर्ड. इथपर्यंतही बिघडलं नव्हतं. बोर्ड मोठाच असतो.

मग चिटणिसांना वाटलं, नामदारांना भेट द्यायला एक नवं कोरं खुरपंही हवं. अक्कांचं जुनं होतं, मातीचे डाग होते. मास्तरांचा मूळ कागद पेंटरकडं रंगात भिजलेला. मग धुळ्याच्या लोहाराकडं काय पाठवलं? बोर्ड पाठवला, मंडळी. गाडीत घालून.

लोहारानं बोर्ड भिंतीला लावला, वरून खाली बघितला. तो मला नंतर भेटला तेव्हा शब्दाला शब्द सांगितलं. तो चिटणिसांना म्हणाला होता, "भाऊ, इतलं मोठं? इतलं मोठं खुरपं कोनता हातले लागस?"

आणि चिटणीस म्हणाले, "सरकारी कामाचं आहे. मोठंच असणार."

बिचारा काय करील? सरकारी म्हटल्यावर त्यालाही पटलं. त्यानं लोखंड तापवलं, बोर्डावर ठेवलं, रेघेला रेघ जुळवली. तेच हे. हार घातलेलं. बघा, काम किती चोख आहे. अंगठ्याचा उतार सुद्धा आहे. तिथं अंगठा ठेवायचा तर तो भीमाचा आणावा लागेल.

नामदारांनी ते दोन्ही हातांनी धरलं. फोटो निघाला. इथवर सगळं प्रेमानं चाललं होतं. पण नामदार जरा उत्साही निघाले. म्हणाले, चला, शेजारच्या वाफ्यात चालवून दाखवा. मदतीला गावातल्या बायका बोलावल्या. दोघींनी मिळून ते उचललं. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाई खुरपं शे का नांगर? बैल कोठे शेतस?" अख्खा मांडव हसला. नामदार हसले. दादासाहेब, तुम्ही हसलात. मीही हसलो, माझा तर धंदाच तो. मास्तर इथं जळगावला वर्गात होते, त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. आणि ज्याच्यावर हसायचं तो तिथं नसला की हसू जास्त येतं.

बरोबरच्या अधिकाऱ्यानं कागदावर शेरा मारला. स्त्रियांना वापरण्यास अयोग्य. खरा शेरा आहे. त्या वल्ह्याबद्दल शंभर टक्के खरा, म्हणून तर ती भेट मंडळाकडंच राहिली. अक्कांचं खुरपं तेव्हा कुठं होतं? मांडवाच्या मागं पेटीत. कोणाला त्याची आठवण झाली नाही. झाली असेल तर बोलायची छाती झाली नाही.

आणि मग मंडळाची बैठक झाली. आता कोणाची तरी चूक असायला हवी. पेंटरची नव्हती. लोहाराची नव्हती. अध्यक्षांची असू शकत नाही, घटनेतच तशी सोय नाही. उरलं कोण? बैठकीत म्हणे असं ठरलं, की ड्रॉइंगमास्तरांच्या मापात दोष राहिल्यामुळं प्रयोग फसला.

मापात दोष. इंगळे मास्तरांच्या.

मंडळी, वैद्याला म्हणा तुझं औषध चुकलं, तो रागावेल आणि दुसरं देईल. वकिलाला म्हणा तुझा खटला पडला, तो अपील करील आणि वर फी घेईल. ड्रॉइंगमास्तराला म्हणालात, तुला माप कळत नाही. मग त्याच्याकडं राहिलं काय? हे बोलणं बैठकीच्या खोलीत राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते शाळेत आलं. वर्गातली पोरं मागून विचारायला लागली, "मास्तर, हत्ती काढू का? उंदराएवढा काढू का बैलाएवढा?" हेडमास्तरांनी वरचे वर्ग काढून घेतले. मास्तर खालच्या वर्गांना आंब्याचं पान शिकवत राहिले. आंब्याचं पान, आंब्याच्या पानाएवढं.

मी त्यांना म्हणालो, "मास्तर, मी लिहितो. मंडळाची सालटी काढतो." ते म्हणाले, "नका हो. तुम्ही लिहिलं की लोक पुन्हा हसतील. कोणाला का हसेनात, खुरप्याचं हसंच होईल."

मग म्हणालो, "निदान दुसरं तरी घडवून घ्या. चित्र काय, तुम्ही डोळे मिटून काढाल."

त्यावर ते जे म्हणाले, ते ऐकून मला पहिल्यांदा त्यांचा राग आला, आणि आता त्यांचा येत नाही, दुसऱ्यांचा येतो. ते म्हणाले, "माझं माप चुकतं म्हणतात. एकदा त्यांना ते छोटं खुरपं त्या मोठ्या खुरप्याशेजारी ठेवून बघू द्या. मग काढतो." त्या माणसाला एवढंच हवं होतं. शाल नको, मानपत्र नको. दोन खुरपी शेजारी शेजारी ठेवून कोणी तरी शहाण्या माणसानं बघावं.

आणि ते छोटं खुरपं कुलपात. मास्तर या दारात आले, किती खेपा घातल्या ते चिटणिसांना आठवत असेल. "बाकी काही नको, अक्काचं खुरपं तेवढं द्या. तिला वावरात लागतं." उत्तर काय? नमुन्यावर सरकारी नोंद झाली आहे. उत्तर काय? दादासाहेब बाहेरगावी आहेत. उत्तर काय? मास्तर, मिटलेलं पुन्हा कशाला उकरता? अहो, खुरपंच ते. उकरायचंच असतं त्यानं.

अक्का पुन्हा जुन्या गोल दांड्यावर आल्या. चिंधी पुन्हा आली. मास्तर असोद्याला जायचे कमी झाले. बहिणीच्या हाताकडं बघणं नको म्हणून. मागच्या आठवड्यात ताप आला आणि तापातच गेले. तुम्ही म्हणाल तापानं गेले. डॉक्टरही तेच म्हणतात. मी डॉक्टर नाही.

आणि आज बघा काय नवल झालं. त्यांची इच्छा पुरी झाली. मोठं खुरपं आणि छोटं खुरपं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. मंडळानंच ठेवलीत, शोभेला म्हणून. आणि अजूनही या व्यासपीठावर बसून कोणाच्या ध्यानात येत नाही. बघा हो. दादासाहेब, मान वळवा. चिटणीस, तुम्हीही. आकार एकच आहे. रेघेला रेघ आहे. एकाच चित्राची दोन लेकरं. माप चुकलंय एकाचंच, आणि ते मास्तरांनी काढलेलं नाही.

आता मी बसणार होतो. खिळ्यावर का होईना, बसणार होतो. पण सभा सुरू होण्याआधी चिटणिसांनी मला एक पितळी पाटी कौतुकानं दाखवली. आजच्या ठरावानंतर ती लावायची आहे. ही दोन्ही खुरपी काचेच्या कपाटात ठेवायची, कपाट या भिंतीला, कपाटाला कुलूप, आणि त्याखाली ही पाटी. पाटीवर कोरलंय, कै. इंगळे मास्तर यांचा स्तुत्य परंतु असफल प्रयत्न.

असफल. पितळेवर. मेलेल्या माणसाच्या नावाखाली. त्याला उत्तर देता येणार नाही अशा दिवशी.

माझी एकच सूचना आहे, ती ठरावावर उपसूचना म्हणून घ्या, आगाऊपणा म्हणून घ्या, कशीही घ्या. हे मोठं खुरपं काचेत जरूर ठेवा. त्याची जागा तीच आहे. ते जमिनीसाठी जन्मलंच नाही, कपाटासाठी जन्मलंय. त्याच्या पाटीवरून मास्तरांचं नाव काढा आणि लिहा, अवजार सुधारणा मंडळाचं माप. एक अक्षर जास्त नको. येणारा जाणारा समजून घेईल. ठरावाच्या बाजूचे हात वर करतील, विरुद्धचेही करतील. मी मोजणार नाही.

मात्र छोट्याचं मी ठरावावर सोडत नाही. आत येताना दारात सोनाअक्का भेटल्या. त्यांनी भावाच्या फोटोबद्दल विचारलं नाही, हाराबद्दल विचारलं नाही. माझी बाही धरून हळूच म्हणाल्या, "आप्पा, माह्यं खुरपं देतीन का रे हे लोक? निंदनी लागली हाये." सख्खा भाऊ गेला, त्याच्या शोकसभेला बाई आली, आणि तिला काळजी गवताची. काही जणांना हे कोरडं वाटेल. मला वाटतं, मास्तर जिला समजले अशी या सभेत ती एकच बाई. ते जिवंत असते तर त्यांनी आज इथं येऊन हेच विचारलं असतं.

नको, उठू नका दादासाहेब. चिटणीस, बसा. मी कोणाचं काही घेत नाही. हार मोठ्याला आहे, तो राहू दे तिथंच. मी फक्त पायाशी ठेवलेलं हे उचलतोय. नोंद करायची असेल तर करा, आप्पांनी उचललं म्हणून करा. हळदकुंकू माझ्या उपरण्याला पुसतो. धोतराची तर वाट लागलीच आहे.

बायांनो, जरा वाट द्या. मागं येतोय.

अक्का, हे घ्या. माझ्याकडून नव्हे. येसूनं शुक्रवारी परत आणून देतो म्हटलं होतं, त्याला जमलं नाही. उशीर झाला त्याबद्दल तो काही बोलला नसता, मीही बोलत नाही. धरा. मूठ मिटा. बसतंय ना? राहू द्या, सांगू नका. तुम्ही गप्प बसलात की आम्हाला कळतं.

मंडळी, आता उभे राहा. श्रद्धांजलीला किती मिनिटं उभं राहायचं ते चिठ्ठीत लिहिलंय, ते वाचायची गरज नाही. अक्कांना अंधार पडायच्या आत असोद्याचं वावर गाठायचंय. त्या या भिंतीपासून त्या दारापर्यंत चालत जातील. त्या दाराबाहेर जाईपर्यंत कोणी बोलू नका.